काढताना अपंग, मागताना धडधाकट

कामावरून डावललेल्या अपंग माणसाने पुरावा कसा उभा करावा?



सोयाबीनची सोंगणी झाली, सुड्या लागल्या, की आपल्या वाशीम जिल्ह्यात गावोगाव हडंबा फिरायला लागतो. रात्र नाही, दिवस नाही. पाऊस येईल या धास्तीने जो तो घाई करतो. त्या घाईत कुणाची बाही पट्ट्यात जाते, कुणाचा हात पेंडीबरोबर आत ओढला जातो. दरवर्षी आम्ही सभांमध्ये सांगतो, की मोकळी बाही नको, गळ्यात दुपट्टा नको, चालू यंत्रात हात घालू नका. तुम्ही ऐकता, माना डोलावता. तरी हंगाम संपता संपता एखाद्या गावाहून फोन येतोच.

आजचा लेख अपघात टाळण्यावर नाही. अपघातानंतर वर्षभराने जे घडतं त्यावर आहे. हात जायचा तो जातो, जखम भरते, माणूस पुन्हा कामाला उभा राहतो. तेव्हा त्याला काम देणारे म्हणतात, "आता तुझ्यानं होणार नाही." आणि तो दाद मागायला गेला, की कचेरीत विचारतात, "तू अपंग आहेस याला पुरावा काय?"

मी वकील नाही. कृषी पदविका घेऊन पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काम करणारा माणूस आहे. पण एका प्रकरणात मला हे सगळं जवळून पाहावं लागलं आणि त्यात माझीही एक चूक होती. म्हणून लिहितो.

नळवाल्या भाऊंची गोष्ट

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावातले हे गृहस्थ. वय पंचेचाळीसच्या आसपास. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचारी. सकाळी नळाचं पाणी सोडायचं, वस्तीप्रमाणे वॉल फिरवायचा आणि दिवसा मोकळ्या वेळात दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायची, असा त्यांचा दिनक्रम. आपण त्यांना नळवाले भाऊच म्हणू.

२०२२ च्या खरिपात एका शेतकऱ्याच्या सुडीवर हडंब्यात त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. यंत्रमालकाने माणुसकीने दवाखान्याचा खर्च केला. दुसऱ्या दिवशी मी त्याच शिवारात पीक कापणी प्रयोगासाठी गेलो होतो. त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, हळहळलो आणि निघालो. कागद जपा, अपघाताची नोंद करा, अर्ज द्या, यातलं एक अक्षर मी बोललो नाही. ती माझी चूक.

तीन महिन्यांनी जखम भरली आणि भाऊ कामावर गेले. सरपंच आणि सदस्यांनी त्यांना सांगितलं, "भाऊ, तुह्यानं आता वॉल फिरत नाही. गावाले पानी कसं भेटन?" लेखी काहीच दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुसराच माणूस पाणी सोडू लागला.

भाऊ माझ्याकडे पंचायत समितीत आले. मी त्यांना ग्रामपंचायतीचं काम पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्याकडे नेलं. त्यांनी दाखला मागितला. भाऊ हात पुढे करून म्हणाले, "साहेब, हात हा असा हाये. आता अजून काय दाखवू?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. पण कचेरीत आरसाच लागतो. भाऊ चार खेटे घालून दाखला घेऊन आले. त्यावर टक्केवारी लिहिली होती चोवीस. आता दुसरा बाबू म्हणाला, "चाळीसच्या वर असेल तरच अपंग. तुमचं प्रकरण बसत नाही."

त्यावर भाऊ जे बोलले ते मला आजही आठवतं. "साहेब, मले काढलं तवा मी अपंग होतो. आता मागाले आलो तं धडधाकट झालो. हे कसं?"

बंधूंनो, या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. ते भाऊंच्या बाजूचं आहे. पण ते आम्हा कोणालाच त्या दिवशी माहीत नव्हतं.

चाळीस टक्क्यांचा घोळ

आपल्याकडे अपंगांसाठी पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत.

या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. पहिली व्याख्या 'दिव्यांग व्यक्ती'ची. ज्याच्या शरीरात, मनात, बुद्धीत किंवा इंद्रियांत दीर्घकाळ टिकणारी उणीव आहे आणि समोरच्या अडथळ्यांमुळे त्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो दिव्यांग. यात टक्केवारीचा आकडाच नाही. दुसरी व्याख्या लक्षणीय दिव्यांगत्वाची. तिथे किमान चाळीस टक्के लागतात.

नोकरीतलं ४ टक्के आरक्षण हवं असेल, तर चाळीस टक्के लागतात. अनेक योजनांनाही लागतात. पण अपंगत्वावरून कामावर भेदभाव करू नये, हे संरक्षण पहिल्या व्याख्येतल्या प्रत्येकाला आहे. त्याला चाळीसची अट नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या निकालात स्पष्ट केलं. हा उमेदवार डॉक्टर होता. लिहायला बसलं की त्याचा हात आखडायचा. त्याने परीक्षेत लेखनिक मागितला. चाळीस टक्के अपंगत्व नाही म्हणून आयोगाने नकार दिला. न्यायालयाने म्हटलं, की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, गरजेप्रमाणे सोय मिळण्याचा हक्क त्या अटीला बांधलेला नाही.

आता भाऊंच्या प्रकरणाकडे या. याच कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांना लागू आहे आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्था येतात. म्हणजे ग्रामपंचायतही आली. त्या कलमात म्हटलं आहे, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येणार नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं. तशी जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद धरून ठेवावं. अपघात कामावरच झाला पाहिजे, असंही त्या कलमात नाही. नोकरीच्या काळात झाला, एवढं पुरे.

१९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग या जवानाला न्याय दिला. त्याचा पाय कापावा लागला होता आणि अपात्र ठरवून त्याला घरी पाठवलं होतं. पेन्शन दिली म्हणून नोकरीचं संरक्षण संपत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

सिद्ध काय करायचं? तीन गोष्टी

भेदभावाच्या तक्रारीत दाखला हा फक्त पहिला पाय. तिवईला तीन पाय लागतात.

पहिली गोष्ट, अपंगत्व आहे. दाखला हा उत्तम पुरावा. पण दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून अपघाताच्या दिवसापासूनचे कागद जपा. दवाखान्याचा केसपेपर, सुट्टी देतानाचं कार्ड, एक्स-रे, पोलिसांकडची नोंद. बाहेरच्या औषधांच्या पावत्यासुद्धा फेकू नका. कागदावरची तारीख फार कामाची असते.

दुसरी गोष्ट, काम करता येतं. हे लोक विसरतात. तक्रारदार आपलं दुखणं इतकं वाढवून सांगतो, की समोरचा म्हणतो, मग तुला कामावर ठेवू कसं? तुमचं म्हणणं असं पाहिजे, की माझ्या शरीरात ही उणीव आहे, तरी मी हे काम करू शकतो किंवा एवढी सोय दिली तर करू शकतो. त्या सोयीला कायद्यात महत्त्व आहे. वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच लिहिलं आहे.

तिसरी गोष्ट, मालकाला हे माहीत होतं आणि नकार अपंगत्वामुळेच दिला. तोंडी नकाराला पुरावा नसतो. म्हणून ज्या दिवशी कामावरून परत पाठवतील त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहा. 'आज अमुक तारखेला मी कामावर हजर झालो. माझ्या हाताचं कारण सांगून मला काम नाकारलं. मी काम करण्यास तयार आहे. मला अमुक सोय द्यावी किंवा दुसरं काम द्यावं. नकाराचं कारण लेखी द्यावं.' बस, इतकं पुरे. अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. घेतच नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांत यापुढचं आहे. सरकारी आस्थापनेच्या किंवा वीस आणि त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली, तर त्याने कारवाई करावी, नाहीतर केलेली गोष्ट योग्य हेतूसाठी आणि गरजेपुरतीच कशी होती ते तक्रारदाराला लेखी कळवावं. म्हणजे तुमचा अर्ज आत गेला, की उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर येते. म्हणूनच अर्ज महत्त्वाचा.

काम झेपतं की नाही हे रोगाच्या किंवा व्यंगाच्या नावावरून ठरवायचं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात हेच म्हटलं होतं. एचआयव्हीची लागण झाली म्हणून एका सार्वजनिक कंपनीने त्याचं काम बंद केलं होतं. गुप्तता राखण्यासाठी निकालात दोघांनाही फक्त अक्षरं दिली आहेत, एमएक्स विरुद्ध झेडवाय. तो माणूस काम करायला तंदुरुस्त होता आणि इतरांना धोका नव्हता. अशा माणसाला केवळ लागण झाली म्हणून काम नाकारता येणार नाही, असा तो निकाल.

दाखला कसा काढावा?

१ जून २०२१ पासून अपंगत्वाचा दाखला केंद्राच्या यूडीआयडी प्रणालीतूनच ऑनलाइन निघतो. स्वावलंबन नावाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. स्वतःला जमत नसेल तर गावच्या सेवा केंद्रातून भरा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि दवाखान्याचे कागद लागतात. नंतर तपासणीला बोलावतात.

तपासणीला जाताना सगळे मूळ कागद घेऊन जा. डॉक्टरांना काय जमत नाही ते नेमकं सांगा. 'हात दुखते' एवढ्यावर थांबू नका. बादली उचलता येत नाही, विळा धरता येत नाही, थंडीत बोटं आखडतात, असं सांगा. वाढवूनही सांगू नका आणि लाजेने झाकूनही ठेवू नका.

दाखल्याबरोबर कार्ड मिळतं. चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर पांढरा पट्टा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी आणि वर निळा. पांढऱ्या पट्ट्याचं कार्ड निरुपयोगी समजून कोपऱ्यात टाकू नका. सरकारच्याच यंत्रणेने तुमची उणीव मान्य केल्याचा तो पुरावा आहे. दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत असते. मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्या.

दाखला नाकारला तर कारण लेखी मागा. टक्केवारी पटली नाही तर निर्णयाच्या तारखेपासून नव्वद दिवसांच्या आत अपील करता येतं. कायद्याच्या कलम ५९ मध्ये तशी सोय आहे.

जे दिसत नाही त्याचं काय?

तुटलेलं बोट निदान दिसतं. काही अपंगत्व डोळ्याला दिसत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. हा आजार एकवीस प्रकारांच्या यादीत आहे. असा मजूर उन्हात दोन तास राबला, की त्याचे सांधे धरतात. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर मुकादम त्याला कामचुकार म्हणतो. त्याचा पुरावा म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. केवळ वाहक असलेला आणि प्रत्यक्ष रुग्ण असलेला, यातला फरक त्या अहवालावरच कळतो. तो घरात पाहिजे.

कमी ऐकू येणं, मानसिक आजार, बरा झालेला कुष्ठरोग, हेही यादीत आहेत. इथे लोक लाजेने दाखलाच काढत नाहीत. लपवायचं की सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण सोय मागायची असेल तर ज्याच्याकडे मागता त्याला कळवावं लागतं. ज्याला माहीतच नव्हतं त्याने भेदभाव केला, हे सिद्ध करणं फार अवघड.

एकाच हाताची दोन मापं

आणखी एक गोंधळ. दाखल्यावरची टक्केवारी वेगळी आणि अपघाताच्या भरपाईची टक्केवारी वेगळी. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याला जखमांची यादी जोडलेली होती. त्यात एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरत. चारही बोटं गेली तर ५०, अंगठा गेला तर ३०, पूर्ण पंजा गेला तर ६०. ट्रॅक्टरने किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने होणारं शेतीकाम त्या कायद्यात येत होतं. म्हणजे हडंब्यावरचा मजूर आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. जुन्या कायद्यात दावा दोन वर्षांच्या आत करावा लागे. नळवाल्या भाऊंची ती मुदत हातची गेली, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यात मीही आलो.

यादीतला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालक म्हणाला, एक हात गेला, शंभर टक्के नुकसान कसं? न्यायालयाने म्हटलं, सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याच्यापुरतं ते पूर्ण नुकसान. तोच हात कारकुनाचा गेला असता तर हिशोब वेगळा झाला असता. म्हणून कोणताही अर्ज लिहिताना तुमचं काम काय आणि त्या कामात तो अवयव काय करतो, हे दोन ओळींत लिहाच.

सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती असेल, तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२३ च्या निर्णयाप्रमाणे अपघाताने एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला तर एक लाख, दोन निकामी झाले तर दोन लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत द्यायचा. ही मदत मिळाली म्हणून नोकरीचा हक्क जात नाही. दोन्ही वेगळे.

वाशीमचं नाव गाजलं तेव्हा

जुलै २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं, ते याच दाखल्यांच्या विषयावरून. परिविक्षाधीन सनदी अधिकारी पूजा खेडकर यांची पुण्याहून वाशीमला बदली झाली आणि त्यांच्या अपंगत्वाच्या व इतर दाखल्यांवर प्रश्न उभे राहिले. ३१ जुलै २०२४ रोजी लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्यांना सेवेतून मुक्त केलं. त्यांनी आरोप नाकारले आहेत. खरं-खोटं न्यायालय ठरवील, तो आपला विषय नाही.

आपला विषय त्यानंतरचा आहे. २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने शासकीय आणि निमशासकीय कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरपडताळणी करायला लावली. हे योग्यच झालं. खोटा दाखला काढणारा माणूस खऱ्या अपंगाच्या ताटातला घास ओढतो. कलम ९१ प्रमाणे अशाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण पडताळणी करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. चाळीसच्या आत टक्केवारी निघाली म्हणजे माणूस लबाड ठरत नाही. त्याने आरक्षणाचा लाभ घेतला असेल तर तो प्रश्न वेगळा. पण ज्याने कोणताच लाभ घेतला नाही, फक्त माझं काम माझ्याकडे राहू द्या एवढंच म्हटलं, त्याला बनावटांच्या रांगेत उभं करू नका. आज खरा अपंगसुद्धा कचेरीत जाताना बिचकतो, की हे लोक मला खोटा म्हणतील.

दाद कुठे मागायची?

सरकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत भेदभाव झाला तर कलम २३ प्रमाणे तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. त्याने ती नोंदवहीत घ्यायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समिती आहे. त्यापुढे पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते शिफारस करतात. समोरच्या कार्यालयाला ती मान्य नसेल, तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. तक्रार खासगी कारखान्याची किंवा जिनिंगची असली तरी आयुक्तांकडे जाता येतं. आपल्याच प्रकरणाची फाईल कुठे अडली हे पाहायचं असेल, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहेच.

गावकारभाऱ्यांना आणि शेतकरी मालकांना

सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्यांना विनंती आहे. अर्ज नाकारू नका, पोच द्या. काम झेपेल की नाही अशी शंका असेल, तर काम करून दाखवायला सांगा आणि जे दिसलं ते दोन पंचांसमोर लिहून ठेवा. माणसाचं व्यंग ग्रामसभेत चव्हाट्यावर आणू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून अपंगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. त्यातून चार हजार हातावर ठेवले, की नोकरीचा प्रश्न मिटला असं समजू नका.

आणि शेतकरी बंधूंनो, आपणही मालक आहोत. लंगडत चालणारी बाई निंदणाला आली, की आपण मजुरी अर्धी सांगतो. ती तास किती काढते हे पाहत नाही, चाल पाहतो. एक दिवस तिचं काम मोजून पाहा. इतर बायांइतकंच निघालं, तर मजुरीही तितकीच द्या. किमान वेतन अपंग म्हणून कमी होत नाही.

भाऊंचं पुढे काय झालं?

दुसऱ्या वेळी भाऊ आले तेव्हा आम्ही नीट बसून अर्ज लिहिला. दाखला जोडला, सुट्टीचं कार्ड जोडलं. 'मी वॉल फिरवू शकतो, प्रत्यक्ष पाहावं' असं लिहिलं आणि पोच घेतली. गटविकास अधिकाऱ्यांनी आमच्या सहकाऱ्याला गावात पाठवलं. भाऊंनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून वॉलच्या चावीला दीड हात लांब लोखंडी दांडा जोडून घेतला होता. उजव्या हाताने दांडा धरायचा आणि डाव्या हाताचा अंगठा अडकवून रेटायचं. गावातले सगळे वॉल त्यांनी पंचांसमोर उघडले आणि बंद केले. बदली लावलेल्या जवान पोरापेक्षा वेळ जास्त लागला नाही. पंचनाम्यावर तसंच लिहिलं गेलं.

काढल्यापासून सातव्या महिन्यात भाऊ पुन्हा कामावर रुजू झाले. दांड्याचे पैसे त्यांनीच भरले होते. सोयीचा खर्च अपंग माणसाच्या माथी मारता येत नाही, असं २०१७ च्या नियमांत लिहिलेलं आहे, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी ग्रामपंचायतीला तसं कळवलं. ते पैसे मिळाले. मधल्या सात महिन्यांचा पगार मात्र अजून मिळालेला नाही. त्याचा अर्ज गेलेला आहे. पोच त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. भेटले की सांगतात, "साहेब, कागद हाये माह्यापाशी."

तुमच्या गावात असं कुणी असेल तर त्याला हा लेख वाचून दाखवा. पंचायत समितीत या. बाजाराच्या दिवशी आलात तरी चालेल. येताना जे जे कागद घरात आहेत ते सगळे घेऊन या, फाटके असले तरी. आणि काम नाकारल्याला आठवडा झाला असेल, तर आधी अर्ज टाका, मग या.